संकरित ज्वारीचे घरचे बी का फसते?



गेल्या खरिपात एका गावी शिवारफेरीला गेलो होतो. ज्वारीच्या एका रानापाशी पाय थांबले. एक ताट डोक्याच्या वर, तर शेजारचे कमरेएवढे. एक कणीस गच्च भरलेले, दुसरे अर्धे रिकामे. मालक म्हणाले, "साहेब, आदल्या वर्षी हायब्रीड पेरलं, रान कसं एकसारखं आलं होतं. त्यातली मोठी मोठी कणसं निवडून बी धरलं. वडील मालदांडीचं बी असंच धरायचे. मग हे असं का?"

वडिलांची पद्धत बरोबर होती. पण ती संकरित वाणाला लागू पडत नाही. का, ते आज समजून घेऊ.

आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरी मेंडेल नावाचे एक धर्मगुरू होते. मठाच्या बागेत ते वाटाण्यावर प्रयोग करीत. उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा यांचा त्यांनी संकर केला. तुम्हा-आम्हाला वाटेल, मधल्या उंचीची झाडे येतील. तशी आली नाहीत; सगळी उंचच आली. मग त्या उंच झाडांचे बी पुन्हा पेरले, तेव्हा 1064 झाडांत 787 उंच आणि 277 बुटकी निघाली. म्हणजे बुटकेपणा मेला नव्हता, एक पिढी दबून राहिला होता. 1865 साली त्यांनी हे मांडले, पण 1900 सालापर्यंत कोणी त्याची फारशी दखल घेतली नाही.

याचा उलगडा सोपा आहे. प्रत्येक गुणासाठी झाडात जनुकांची जोडी असते. एक आईकडचे, एक बापाकडचे. झाड पुढच्या पिढीला जोडीतले एकच देते, आणि कोणते ते नशिबावर. घरी करून पाहा. दोन नाणी एकदम उडवा, शंभर वेळा. साधारण पंचवीस वेळा दोन्ही छापे, पंचवीस वेळा दोन्ही काटे आणि पन्नास वेळा एक छापा-एक काटा पडेल. छापा म्हणजे उंच, काटा म्हणजे बुटका. जोडीत एक जरी छापा असला तरी झाड उंच दिसते, म्हणून चारात तीन उंच, एक बुटके.

आता ज्वारीकडे वळू. सीएसएच-1 हे आपल्या देशातले ज्वारीचे पहिले संकरित वाण 1964 साली आले. अशा वाणाचे आई-बाप दोन वेगळे शुद्ध वाण असतात. त्यांच्या संकराचे प्रत्येक दाण्यात सारखेच मिश्रण उतरते, म्हणून रान एकसारखे दिसते. आणि पिकाचा जोमही याच मिश्र जोड्यांमुळे येतो. ते बी धरून पेरले की सरासरी निम्म्या जोड्या फुटतात. एका गुणाचे सोडा, दहा निरनिराळ्या जोड्या धरल्या तर त्या सगळ्या मूळ हायब्रीडसारख्या मिश्र राहणारे ताट सुमारे 1024 मध्ये एकच निघेल! कणीस कितीही टपोरे निवडा, डोळ्याला कणीस दिसते, आतली जोडी दिसत नाही.

रिकाम्या कणसांचे कारण थोडे वेगळे आहे. संकरित बी तयार करण्यासाठी ज्वारीत असा मादी वाण घेतात की ज्याचे पराग वांझ असतात. हा वांझपणा आईकडून पुढे सर्व पिढ्यांत उतरतो. तो झाकणारे जनुक बाप देतो. घरच्या बियाण्यात काही ताटांना ते जनुक मिळतच नाही. अशा ताटांचे दाणे शेजाऱ्याच्या परागावर अवलंबून. फुलोऱ्यात पावसाची झड लागली की ती कणसे पोकळ राहतात, आणि अरगटचा चिकट रोगही अशाच न फळलेल्या फुलांना आधी धरतो.

कपाशीचेही तेच. 1970 साली सुरतेत एच-4 हा संकरित कापूस तयार झाला. त्याचे बी करताना संध्याकाळी प्रत्येक कळीतले पुंकेसर हाताने काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. बियाणे महाग का, याचे एक कारण ही मजुरी. बीटी संकरित कपाशीत बोंडअळीचे जनुक एकाच पालकाकडचे असेल, तर घरच्या बियाण्यात चारातले एक झाड त्या जनुकाविना उगवते.

हायब्रीडचे पैसे दर वर्षी मोजावे लागतात, ही तक्रार मला मान्य आहे. ज्याला ते परवडत नाही त्याने उगाच हायब्रीडचे बी धरू नये, सरळ वाण घ्यावा. मालदांडी, गहू, हरभरा, सोयाबीन यांच्या सरळ वाणांत जोड्या बहुतेक एकसारख्याच असतात, म्हणून मुलगा बापासारखा निघतो. पिशवीवर 'संकरित' लिहिले आहे का ते आधी वाचा. बी धरायचे असेल तर खळ्यावरच्या ढिगातून नको. पीक उभे असतानाच रानाच्या मध्यभागातली, रोगमुक्त, एकाच वेळी पक्व झालेली कणसे निवडा आणि दोरा बांधून खूण करा. बांधालगतची आणि शेजारच्या दुसऱ्या वाणाजवळची सोडून द्या. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. सोयाबीनचे सत्तरांपेक्षा कमी उगवले तर ते बी पेरू नका, डाळीला किंवा बाजाराला लावा.