पहिल्या श्वासाबरोबर बदलणारा रक्ताचा मार्ग

गर्भाशयात बाळाची फुप्फुसे हवेने नव्हे, तर स्वतःच स्रवलेल्या द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू वारेतून मिळत असल्यामुळे रक्ताचा थोडाच हिस्सा त्यांच्याकडे जातो. उरलेले रक्त दोन आडवाटांनी वळसा घेते: हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील, म्हणजे अलिंदांमधील, झडपेसारख्या छिद्रातून आणि फुप्फुसधमनीला महाधमनीशी जोडणाऱ्या आखूड वाहिनीतून.

कळा सुरू झाल्यावर बाळाच्या रक्तात ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढतात व फुप्फुसे द्रव स्रवण्याऐवजी शोषू लागतात. पुढे पहिल्या श्वासांबरोबर हवा वायुकोशांत शिरते. श्वास सोडल्यावर हे कोश मिटू नयेत यासाठी सर्फॅक्टंट हा पृष्ठताण कमी करणारा स्निग्ध पदार्थ आवश्यक असतो. तो साधारण ३५व्या आठवड्यापर्यंत पुरेसा तयार होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास घेणे जड जाण्यामागे त्याचीच उणीव असते, हे मेरी एलेन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले.

हवा भरताच फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैलावतात, तेथून परतणारे रक्त वाढून डाव्या अलिंदातील दाब उजव्यापेक्षा जास्त होतो आणि छिद्रावरचा पडदा दाबला जाऊन ती वाट मिटते. जोडवाहिनी मात्र वाढत्या प्राणवायूमुळे हळूहळू आकसते व पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात बहुधा एक ते तीन दिवसांत बंद होते. रक्तातील प्राणवायूची पातळी ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचायलाही सुमारे १० मिनिटे लागतात; अंग गुलाबी झाल्यावरही तळहात-तळपाय पहिल्या दिवशी निळसर दिसू शकतात आणि बाळ एरवी ठीक असेल तर त्यात काळजीचे कारण नसते.

याच वेळी ओल्या अंगातून उष्णता झपाट्याने निघून जात असते. बाळाला मोठ्यांसारखे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. त्यासाठी मान व खांद्यांच्या फऱ्यांभोवती साठवलेला तपकिरी मेद जाळला जातो. नाळेतून येणारी साखरही थांबलेली असल्याने यकृतातील साठा वापरावा लागतो आणि थंडी वाजल्यास तो लवकर सरतो.

म्हणूनच बाळ चांगले असेल तर नाळ एक ते तीन मिनिटांनी बांधावी, त्याला पुसून आईच्या उघड्या छातीशी ठेवावे, तासाभरात चिकाचे दूध पाजावे आणि पहिली आंघोळ शक्यतो २४ तासांनंतर घालावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. आपल्याकडे स्वच्छतेच्या भावनेने बाळाला लगेच न्हाऊ घालण्याची घाई होते. पण त्या अंघोळीने बाळाची ऊब आणि साखर, दोन्ही ऐन गरजेच्या वेळी खर्ची पडतात.