आधी भेगेची पारख, मग भरणीची

पावसाळा सरला की नाशिक जिल्ह्यात खड्ड्यांची जेवढी ओरड होते, तेवढी भेगांची होत नाही. वास्तविक डांबरी रस्त्यावरील पुष्कळशा खड्ड्यांचा उगम भेगेतच असतो. भेगेवाटे झिरपलेले पाणी खालच्या खडी-मुरमाच्या थरात मुरते, तो थर मऊ पडतो आणि कांद्याच्या मालट्रकसारखे अवजड वाहन त्यावरून गेले की वरचे डांबरी आवरण दबून तुटते. भेग वेळीच बुजवणे हे म्हणूनच देखभालीतील अत्यंत स्वस्त कामांपैकी एक आहे. मात्र ती कशाने बुजवायची, हे ठरवण्यापूर्वी ती कशामुळे पडली, हे पाहावे लागते.

निफाड, येवला या पट्ट्यांतील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे साइडपट्टीलगत रस्त्याच्या लांबीला समांतर अशा लांबच लांब भेगा पडतात. ऋतुमानानुसार त्यांची रुंदी कमी-जास्त होत राहते. अशा ‘हलत्या’ भेगेत लवचिक सीलंट, म्हणजे ताणले तरी न तुटणारे व पाणी आत जाऊ न देणारे भरणद्रव्य, वापरावे लागते. ज्या भेगेची हालचाल नगण्य आहे, तिला डांबराचे इमल्शन आणि कच एवढी साधी भरणीही पुरते. चाकांच्या पट्ट्यात मगरीच्या पाठीसारखे जाळीदार तडे गेले असतील, तर मात्र खालचा थरच थकलेला असतो आणि तेथे उत्तमातले उत्तम सीलंट ओतणे म्हणजे निव्वळ पैशाची नासाडी होय. तो भाग उकरूनच दुरुस्त करावा लागतो.

नुसते डांबर तापवून भेगेत ओतण्याची पद्धत अजूनही सर्रास दिसते. रस्त्याच्या कामात नेहमी वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुकरण बिंदू, म्हणजे ठरावीक चाचणीत ते मऊ होऊन सैल पडते ते तापमान, भारतीय मानकानुसार किमान ४७ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर मे महिन्यातील भर दुपारी काळ्या पृष्ठभागाचे तापमान ६० अंशांच्या घरात जाते. परिणामी हे डांबर टायरला चिकटून भेगेबाहेर येते आणि थंडीत ठिसूळ होऊन कडेपासून सुटते. म्हणूनच डांबरात पॉलिमर किंवा रबराचा चुरा मिसळून सीलंट तयार करतात.

अमेरिकेच्या एएसटीएम डी ६६९० या मानकात, जे जगभर आधाराला घेतले जाते, अशा गरम ओतायच्या सीलंटचा मृदुकरण बिंदू किमान ८० अंश असावा, अशी अट आहे. याखेरीज २५ अंशांना शंकू टेकवून तो किती रुततो हे मोजतात, त्यावरून सीलंटचा मऊपणा कळतो. चेंडूसारखी गोळी दाबून सोडल्यावर पृष्ठभाग किती उसळून पूर्ववत होतो, यावरून खडे रुतून बसण्याला ते किती विरोध करील, हे समजते. सर्वांत कसोटीची चाचणी चिकटण्याची. काँक्रीटच्या दोन लहान ठोकळ्यांमध्ये सुमारे साडेबारा मिलिमीटरच्या फटीत सीलंट ओततात आणि गोठवणाऱ्या थंडीत ते ठोकळे तासाला जेमतेम तीन मिलिमीटर इतक्या संथ गतीने एकमेकांपासून दूर ओढतात. या मानकातील दुसऱ्या प्रकारासाठी हे तापमान उणे २९ अंश असते, फट निम्म्याने वाढवली जाते आणि हे चक्र तीनदा पार पडूनही सीलंट सुटता किंवा फाटता कामा नये.

थंडीसाठी ख्यात असलेल्या निफाडलाही उणे २९ अंशांशी काही देणेघेणे नाही. तेथील कडाक्याच्या थंडीत पारा पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखाली येतो, आणि म्हणून केवळ अतिशीत चाचणीच्या बळावर महागडे सीलंट निवडणे नाशिकला परवडणारे नाही. येथे वजन द्यायला हवे ते उन्हातील टिकावाला. जुन्या पद्धतीची वहन-चाचणी, ज्यात ७५ अंशांच्या उतारावर ठेवलेला नमुना ६० अंशांत पाच तास तापवून तो किती ओघळला हे मोजतात, ती नाशिकच्या मे महिन्याशी अधिक मिळतीजुळती आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या इगतपुरीच्या रस्त्यासाठी पाण्यात बुडवून ठेवलेल्या ठोकळ्यांवरची चिकटण्याची चाचणी महत्त्वाची ठरते; ती मानकाच्या तिसऱ्या प्रकारात अंतर्भूत आहे. समृद्धी महामार्गासारख्या काँक्रीट रस्त्याच्या सांध्यांचे गणित वेगळे असून तेथे सिलिकोन किंवा पॉलिसल्फाइडचा विचार होतो.

प्रयोगशाळेत उत्तीर्ण झालेले सीलंटही कामावर नापास होते, ते बहुधा दोन कारणांनी: भेगेतील धूळ व ओल गरम हवेच्या झोताने काढलेली नसते, किंवा सीलंट थेट जाळावर प्रमाणाबाहेर तापवल्याने त्यातील पॉलिमर निकामी झालेले असते. तेलाच्या आवरणाची दुहेरी भिंतीची टाकी व तापमापक ही म्हणूनच चैन मानता येत नाही.

अशा चाचण्यांबाबत विचारायला नाशिकला लांब जावे लागत नाही; दिंडोरी रस्त्यावरील महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नाशिककरांची ‘मेरी’, १९५९ पासून शहरात आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांवर मोठा खर्च होत असताना सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि महापालिकेने सीलंटच्या निविदेत किलोच्या दरासोबत ६० अंशांवरील वहनाचा व पाण्यातील चिकटण्याचा अहवाल मागावा, आणि ही भरणी पाऊस ओसरल्यावर, भेगा कोरड्या झाल्या की, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यानच उरकून घ्यावी.