मुलगा की मुलगी, लगेच कळत नाही? ऑपरेशनची घाई नको, तपासणीला उशीर नको

बाळंतपण झालं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : मुलगा की मुलगी? काही बाळांच्या बाबतीत डॉक्टरांनाही ते लगेच सांगता येत नाही. याला इंटरसेक्स किंवा आंतरलिंगी म्हणतात. ग्रहण पाळलं नाही, नजर लागली, असलं काही नसतं. गर्भातच गुणसूत्रं किंवा हार्मोन्सची घडण वेगळी होते. आईचा यात काही दोष नाही. काहींना तर वयात येऊनही पाळी आली नाही, तेव्हा तपासणीत हे कळतं.

लाजेपोटी घरचे ऑपरेशन उरकायला बघतात. पण ते मूल पुढे स्वतःला काय मानेल, हे तेव्हा कुणालाच माहीत नसतं, आणि कापलेलं परत येत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर तमिळनाडूत, जिवाला धोका नसेल तर, तान्ह्या बाळांवरील अशा ऑपरेशनवर बंदी आली.

तपासणी मात्र त्याच दिवशी हवी. यातल्या काही बाळांना 'सीएएच' हा आजार असतो. त्यात अंगातलं मीठ कमी होत जातं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ उलट्या करतं, दूध ओढत नाही, मलूल पडतं. जीवही जाऊ शकतो. औषध आयुष्यभर रोज घ्यावं लागतं, पण त्यावर मूल नीट वाढतं.

रिपोर्ट येईपर्यंत बारसं थांबलं तरी चालतं. पाहुण्यांना 'बाळ झालं' एवढं सांगितलं तरी पुरे.