पुटपुटणारा गायक

शब्दप्रधान गायकीवर पोसलेल्या आपल्या कानांना मायकेल स्टाइपची सुरुवातीची गाणी खटकतात. १९८० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स या विद्यापीठाच्या गावी, ‘आर.ई.एम.’ हा चौघांचा बँड उभा राहिला. बँडचा गायक स्टाइप तिथे कलेचा विद्यार्थी होता, गिटारवादक पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला. १९८३ च्या ‘मर्मर’ या अल्बमवर गायकाचा आवाज वाद्यांत इतका मिसळलेला आहे की शब्द हाती लागत नाहीत, आणि ते वेष्टनावर छापलेलेही नव्हते. सांगण्यासारखं काही नसलं की माणूस पुटपुटतो, असा आक्षेप यावर घेता येतो. त्यातल्या ‘रेडिओ फ्री युरोप’ या गाण्याचे शब्द म्हणजे निव्वळ बडबड होती, असं तर स्टाइपनेच सांगितलं आहे. तरीही हा आक्षेप मला पटत नाही. ख्यालात बंदिशीचे शब्द आलापीत विरघळतात, तेव्हा गवयाकडे सांगायला काही नाही असं आपण म्हणत नाही. तिथे गळा हेच वाद्य असतं. स्टाइपचा गळाही चार वाद्यांपैकी एक होता. गाणं कुणालाही सुचलेलं असो, श्रेय चौघांच्या नावे जायचं, ही या बँडची रीत त्याच वृत्तीतली होती.

मग पुढे शब्द स्पष्ट का झाले? १९८८ मध्ये वॉर्नर या बड्या कंपनीशी करार झाला, म्हणून बाजारासाठी, असं म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात. आवाज मोकळा झाला तो १९८६ च्या ‘लाइफ्स रिच पेजंट’वर, लहान कंपनीत असतानाच, निर्माता डॉन गेहमनचा तसा आग्रह होता. शब्द ऐकू येऊ लागले, तरी अर्थ लगेच उघड होत नव्हता. १९९१ चं ‘लूजिंग माय रिलिजन’ हे गाणं बकच्या मँडोलिनवर उभं आहे. त्याच्या शीर्षकातला धर्म शब्दशः घ्यायचा नाही. संयम सुटणं, या अर्थाचा तो अमेरिकेच्या दक्षिणेकडचा वाक्प्रचार आहे. पुढच्या वर्षीचं ‘एव्हरीबडी हर्ट्स’ मुख्यतः ड्रमवादक बिल बेरीचं. खचलेल्या कोवळ्या मुलांपर्यंत ते थेट पोचावं म्हणून शब्द साधे ठेवले होते, आणि स्टाइप त्यातला प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारतो. गाण्याला गरज असेल तेवढंच तो उघड करत होता, असं मला यावरून वाटतं. सगळ्या गाण्यांचे शब्द बँडने पहिल्यांदा छापले, तेही १९९८ च्या ‘अप’ या अल्बमवर.