बधिर हात, बधिर पाय

कुष्ठरोगात बोटे झडतात, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की शिकलेली माणसेही ती बिनदिक्कत बोलून दाखवतात. बोटे झडत नाहीत. या रोगाचा जंतू हातापायांच्या थंड भागांतून, कातडीजवळून जाणाऱ्या नसांवर घाला घालतो. नस मेली की स्पर्श जातो, ऊन-गार कळेनासे होते, दुखणे थांबते. मग चुलीवरच्या भांड्याचा चटका कळत नाही आणि चपलेतला खिळा दिवसभर टोचला तरी माणूस चालत राहतो. जखम चिघळून हाडापर्यंत जाते, हाड झिजते आणि बोट आखूड होते.

हे नीट उलगडून दाखवले डॉ. पॉल ब्रँड यांनी. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांत जन्मलेले हे शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. गंजलेले एक कुलूप त्यांना उघडेना, तेव्हा एका कुष्ठरुग्ण मुलाने किल्ली झटक्यात फिरवली. त्याच्या बोटातून रक्त गळत होते, मांस हाडापर्यंत कापले गेले होते आणि त्याला पत्ताही नव्हता. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पाळत ठेवल्यावर कळले, झोपेत उंदीर कुरतडत होते! मग रुग्णांना सोबतीला मांजरे देण्यात आली.

कोपर आपटल्यावर जिच्यामुळे झिणझिण्या येतात ती अल्नर नस गेली की करंगळी आणि अनामिका आत वाकतात. मिडियन नस गेली की अंगठा बोटांसमोर येत नाही. भाकरीचा तुकडा मोडणे, बटण लावणे अवघड होते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची नस गेली तर पाऊल लोंबते. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर कंडरा फिरवण्याच्या शस्त्रक्रिया बसवल्या. शाबूत स्नायूची कंडरा सोडवायची, कातडीखालून ओवायची आणि निकामी जागी जोडायची. लोंबत्या पावलासाठी घोट्याच्या आतून जाणारी कंडरा पुढे आणतात. प्लास्टर निघाल्यावर खरी मेहनत सुरू होते. बोट मिटवण्याची सवय असलेल्या स्नायूला ते सरळ ठेवायला शिकवावे लागते, आणि त्यात फिजिओथेरपिस्टचा वाटा सर्जनइतकाच आहे. मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांनी हे काम जे. जे.सारख्या सर्वसाधारण रुग्णालयात आणले. कुष्ठरुग्णाला इतर रुग्णांशेजारी खाट मिळणे, हे त्या काळात शस्त्रक्रियेहून लहान काम नव्हते.

पण कंडरा फिरवून हालचाल येते, स्पर्श येत नाही. म्हणून माझ्या लेखी या साऱ्या इतिहासात एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल फार मोलाची आहे. तिच्या मऊ रबरी तळामुळे पावलावरचा दाब पसरतो आणि तिला खिळे नसतात. जोडीला रोजचा नेम: हात-पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे घासायचे, ओल्या कातडीवर तेल लावायचे आणि तळवा उजेडात नीट पाहायचा. जे दुखून कळत नाही, ते डोळ्यांनी शोधायचे.

१९८२पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने जंतू मरतो. मेलेली नस मात्र परत येत नाही. डिसेंबर २००५मध्ये देशाने दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले, तरी जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात.

आणि आता मधुमेह, कारण त्यातही पाय असेच बधिर होतात. १९६६ साली ब्रँड अमेरिकेत, लुइझियानातल्या कारव्हिल इथे गेले. तळव्याच्या जखमेवर प्लास्टर घालून दाब काढून घेण्याची कुष्ठरोगातली पद्धत तिथून मधुमेहींच्या उपचारात रुळली. मधुमेहात बधिर झालेले पाऊल कधी अचानक सुजते, गरम आणि लाल होते, पण फारसे दुखत नाही. घरी मुरगळले म्हणून तेल चोळतात, दवाखान्यात जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके देतात, सुरुवातीचा एक्स-रेही फसवा निघू शकतो. हे शार्कोचे पाऊल असू शकते. त्यावर चालत राहिले तर आतली हाडे मोडून कमान खचते. वेळीच प्लास्टर घालून पायावरचा भार काढला तर ते वाचते.

बधिरता तपासायला दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा एक धागा पुरतो. तळव्यावर चार-सहा ठिकाणी तो टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला विचारायचे, कळले का? काही मिनिटांचे काम आहे. साखरेचा आकडा पाहून औषध लिहून देणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात वर्षातून एकदा तरी रुग्णाचे बूट-मोजे उतरवून ही तपासणी व्हायलाच हवी.