नाकाचा शेंडा कशावर उभा असतो?

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर, दोन्ही महामार्ग धुळ्यातून जातात. या रस्त्यांवर दुचाकीवरून तोंडावर आपटलं की आधी सापडतं ते नाक. हाड जागेवर बसवता येतं. मधला पडदा चेपला गेला तर मात्र नाक बसतं आणि शेंडाही खचतो.

शेंड्यात हाड नसतंच. तिथे दोन्ही बाजूंना कूर्चेची एकेक कमान असते. अमेरिकी सर्जन जॅक अँडरसन यांनी या रचनेला तिपाई म्हटलं: कमानींच्या आतल्या बाजू मिळून एक पाय, बाहेरच्या बाजू हे उरलेले दोन. मधला पाय लांबवला की शेंडा पुढे येतो. बाहेरचे दोन आखूड केले की तो वर वळतो, पण पुढे येत नाही. ‘शेंडा वर काढून द्या’ म्हणणाऱ्याला यातलं नेमकं काय हवंय, हे सर्जनला आधी विचारून घ्यावं लागतं.

मधल्या पायाला टेकू म्हणून पडद्यातली कूर्चेची पट्टी काढून आतल्या दोन बाजूंमध्ये शिवतात. पट्टी काढताना पडद्याची वरची आणि पुढची कड सुमारे एक सेंटिमीटर रुंद ठेवावीच लागते, नाहीतर नाक पुन्हा बसायचं. पडदा आधीच मोडलेला असेल तर कानाची किंवा बरगडीची कूर्चा घेतात. बरगडीची पुढे वाकण्याची भीती असते. काही वेळा नुसत्या टाक्यांनी कमानीचा बाहेरचा भाग आत ओढूनही काम भागतं. शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष लागतं.

नाक नव्याने घडवण्याची विद्या आपल्याकडे जुनी. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचं नाक बसवलं गेलं. आधी मेणाचा साचा, मग कातडी. ती चिकटवायला कात, नंतर तुपात भिजवलेल्या पट्ट्या. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यूने तीच पद्धत लंडनमध्ये वापरली. कावसजीच्या नाकाला कातडी मिळाली, आतून कूर्चेचा टेकू मात्र नव्हता.

मार लागल्यावर नाक दोन्हीकडून चोंदलं आणि ठणकू लागलं, तर पडद्यात रक्त साकळलेलं असू शकतं. रक्तपुरवठा तुटला की कूर्चा मरते. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. सूज उतरण्याची वाट पाहू नका.