चेलो आणि पियानो : दोघांची बैठक

आमच्या जऊळक्याकडे वाद्य म्हटले की जयंतीच्या कार्यक्रमातील पेटी-ढोलक आणि वरातीतला बँड. चेलो आम्ही प्रत्यक्ष पाहिला तो चाळिशी उलटल्यावर. बँकेच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो असता एका सहकाऱ्याच्या आग्रहाने चेलो-पियानोच्या मैफलीला जाऊन बसलो. पहिला भाग संपताच आम्ही मनापासून टाळ्या वाजविल्या. संपूर्ण सभागृहात टाळी एकट्या आमचीच! पुढच्या रांगेतील मंडळींनी मान वळवून पाहिले. हे संगीत आपल्यासाठी नव्हे, असे त्या रात्री मनात येऊन गेले. पुढे वाचनात आले की, बेथोव्हेनच्या काळी भाग संपताच टाळ्या पडतच असत. अखेरपर्यंत गप्प बसण्याचा रिवाज नंतरचा आहे. मग आमचा संकोच गेला.

पूज्य बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले, हे वाचकांस ठाऊक आहेच. चेलो हा त्याच कुळातील थोरला भाऊ. तो खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून गजाने वाजवितात. तारा चार, शेजारच्या दोन तारांत सा आणि प एवढे अंतर. सतारीसारखे पडदे नसल्यामुळे सूर बोटाने अचूक शोधावा लागतो. उलट पियानोच्या ८८ पट्ट्यांचे सूर आपल्या पेटीप्रमाणे आधीच ठरलेले असतात. म्हणून चेलोवाला बसताच पियानोच्या सुराशी आपल्या तारा जुळवून घेतो. आम्हाला वाटले, कार्यक्रम सुरू झाला!

अशा मोजक्या वादकांच्या संगीताला चेंबर म्युझिक म्हणतात, म्हणजे दिवाणखान्यातली बैठक. यात पियानो हा साथीदार नसतो, हे नीट लक्षात घ्यावे. पूर्वी चेलोचे काम बहुधा खालचा सूर धरून ठेवण्याचे असे. १७९६ साली बेथोव्हेन बर्लिनला गेला. तेथील राजा फ्रेडरिक विल्हेल्म दुसरा स्वतः चेलो वाजवीत असे. त्या दरबारासाठी बेथोव्हेनने दोन सोनाटा रचले. त्यांत पियानोचे काम पूर्ण लिहिलेले असून, दोन्ही वाद्ये बोलतात. तरी पारडे पियानोकडेच झुकते. १८०८ सालच्या तिसऱ्या सोनाटात मात्र आरंभी चेलो एकटाच बोलतो, पियानो मागाहून उत्तर देतो. कनिष्ठाने आधी बोलावे आणि साहेबाने ऐकून घ्यावे, असा प्रसंग आम्हा कारकुनांच्या वाट्याला क्वचितच येतो!

हे संगीत अगदीच परके नाही. मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले कितीतरी वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत होते. जुन्या गाण्यांत गायकाच्या मागे जो भरदार, खर्जातला सूर सरकत जातो, तो पुष्कळदा चेलोचाच असतो. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. पण तेथवर जाण्याचे भाडे आणि तिकीट परवडावयास हवे, हीही गोष्ट खरीच.

तोवर मोबाईल आहे. आम्ही पुतण्याला तो तिसरा सोनाटा ऐकविला. "काका, सुरुवातीला एकच सूर एका वेळी आहे, पेटीवर बसेल," तो म्हणाला. पेटी काढून दिली. पहिली ओळ त्याने तीन दिवसांत बसविली.